खाट मागितली आहे, खोली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत युरोपात रेल्वेने फिरण्यावर एक लेख आला होता. त्यावर पुढच्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र छापलंत. पाठीवर बोचकं टाकून गावोगाव हिंडायचं आणि रात्री आठ अनोळखी माणसांच्या खोलीत पडायचं, याला प्रवास म्हणायचं की वणवण, निदान आपल्या लेकीबाळींना तरी हे शिकवू नका, असा त्या पत्राचा रोख होता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. वय ६१. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. २०२५ च्या मे महिन्यात सतरा दिवस मी हीच वणवण करून आले, म्हणून दोन शब्द लिहिते. दोनाचे जास्त होतील, मास्तरणीची सवय आहे.

आधी त्या ‘अनोळखी माणसां’बद्दल. आमच्या गावच्या बाया आषाढीला पायी जातात तेव्हा वाटेवरच्या शाळेच्या व्हरांड्यात, देवळात, कुणाच्या ओसरीवर शंभर अनोळखी बायांत निजतात. उशाला थैली, अंगावर लुगडं. शेगावला भक्तनिवासातल्या मोठ्या हॉलमध्ये आपण गादी टाकून झोपतो, शेजारी जळगावचं कुटुंब असतं की नांदेडचं, विचारत नाही. सकाळी त्यांच्या पोराला आपणच बिस्कीट देतो. त्याला कुणी वणवण म्हटलेलं मी ऐकलं नाही. तिकडचं हॉस्टेल, म्हणजे अख्खी खोली न घेता एकेक खाट भाड्याने मिळते ते प्रवाशांचं वसतिगृह, तेच आहे, फक्त कीर्तन नाही.

माझी भाची जर्मनीत आखेनला शिकते. तिनेच हट्ट धरला. टूरवाल्यांचे आकडे साडेतीन लाखांच्या पुढे होते. आमचा हिशोब, विमान, व्हिसा, विमा, रेल्वे, राहणं, खाणं धरून माझ्या वाट्याचा एक लाख अडुसष्ट हजार झाला. थोडे नाहीत. आमच्याकडे एवढ्यात विहीर खणून वर मोटर बसते, असं माझा भाऊ विमानतळावर पोचेपर्यंत तीनदा म्हणाला.

रेल्वेचं गणित थोडं समजून घ्यावं लागतं. युरोपबाहेरच्यांसाठी ‘युरेल’ नावाचा पास असतो, तो १९५९ पासून आहे. युरोपात राहणाऱ्यांसाठी ‘इंटररेल’, तो १९७२ चा. मी महिन्याभरातले कुठलेही ७ दिवस प्रवासाचा पास घेतला. साठीच्या वरच्यांना दहा टक्के सूट आहे, म्हातारपणाचा एवढा रोख फायदा मला आजवर कुणी दिला नव्हता. भाची तिथे राहते म्हणून तिचा इंटररेल. पण स्वतः राहतो त्या देशात तो पास एकदा बाहेर जायला आणि एकदा परत यायलाच चालतो, म्हणून जर्मनीतल्या जर्मनीत तिने निराळी तिकिटं काढली. पास मोबाइलमध्ये असतो. दिवस सुरू केला की त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत कितीही गाड्या बदला. मात्र फ्रान्स-इटलीच्या वेगवान गाड्यांना आणि रात्रीच्या गाड्यांना जागेचे पैसे वेगळे. हे लेखात आलं नव्हतं. पास घेतला म्हणजे सगळं फुकट, असं समजून कुणी गेलं तर फसेल.

सॅक पुतण्याची, पोलीस भरतीच्या तयारीसाठी घेतलेली. भाचीचा नियम एकच: “मावशी, जे तुला स्वतः उचलून गाडीच्या फळीवर ठेवता येत नाही, ते घरी ठेव.” नऊ किलोवर आले. तुपातले लाडू राहिले, कारण बाहेरून दुधातुपाचं काही तिथे नेऊ देत नाहीत. जवसाची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, दोन किलो ज्वारीचं पीठ आणि एक कुलूप बरोबर घेतलं. हॉस्टेलात प्रत्येकाला लोखंडी कपाट मिळतं, पण कुलूप आपलं आपण आणायचं. मी घरच्या कोठीचं नेलं, पितळी, माझ्या सासऱ्यांच्या वेळचं. बर्लिनला पहिल्या रात्री कळलं की त्याची दांडी अंगठ्याएवढी आणि कपाटाची कडी शेवईएवढी. कुलूप काही बसेना. काउंटरवरच्या मुलाने ते हातात तोलून पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, “हे बँकेचं आहे का?” तिथून पाच युरोचं चिमुकलं कुलूप विकत घ्यावं लागलं. युरो तेव्हा पंच्याण्णव रुपयांच्या आसपास होता. चारशे पंच्याहत्तरचं कुलूप! कोठीचं पितळी तसंच सतरा दिवस पाठीवर वाहिलं.

आता त्या बदनाम खोलीबद्दल. बायकांची वेगळी खोली मागता येते, आम्ही प्रत्येक ठिकाणी तीच घेतली. सहा किंवा आठ खाटा, एकावर एक. प्रत्येक खाटेला पडदा, लहानसा दिवा, मोबाइलला प्लग. एका खाटेचे रात्रीचे २८ ते ४२ युरो पडले. एका शहरातल्या हॉस्टेलात तर चाळिशीच्या वरच्यांना घेतच नव्हते, तशी अटच लिहिली होती. मला राग आला, मग तिथे रात्रभर गाणी चालतात हे वाचून देवाचे आभार मानले. प्रागला माझ्या वाट्याला वरची खाट आली. शिडीला हात लावला तशी खालच्या खाटेवरची बाई काही न बोलता आपली उशी घेऊन उठली आणि वर चढली. हॉलंडची होती, वय ७२, सायकलवर निघालेली. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी बाई माझ्यासाठी वर चढली, मी ओशाळून गेले. सकाळी भाचीने सांगितलं की रात्री खोलीतल्या सगळ्यांनी कानात बोळे घातले होते. कुणामुळे, ते विचारलं नाही.

स्वयंपाकघर सामाईक. फ्रिजमध्ये आपल्या डब्यावर नाव आणि जायची तारीख लिहायची, नाही तर साफसफाईत फेकतात. एक फळी मात्र सगळ्यांची असते. जाणारा माणूस उरलेलं तांदूळ, मीठ, तेल, अर्धी शेवयांची पुडी तिथे ठेवून जातो, येणारा वापरतो. सदावर्त म्हणतात ते हेच. मी व्हिएन्नाला ज्वारीची भाकर थापली. टाळ्यांसारखा आवाज ऐकून दोन पोरं डोकावली आणि खुर्च्या ओढून बसली. पण शेगडी काचेची, विजेची. विस्तव नाही तर भाकर फुगणार कशी? चपटीच उतरली. त्या पोरांनी जवसाच्या चटणीशी खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी मागितली.

सगळंच गोड नव्हतं. स्टेशनावर लघवीला जायचं तर एक युरो. भाचीने शिकवलं, उतरण्याआधी गाडीतच जाऊन यायचं. रविवारी जर्मनीत किराणा बंद, हे मला आधी कुणी सांगितलं नाही, त्या दिवशी पुऱ्या कामी आल्या. उलट पाणी कुठेही विकत घ्यावं लागलं नाही. व्हिएन्नात नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, पहिली जलवाहिनी १८७३ ची. दर उन्हाळ्यात टँकरमागे धावणाऱ्या गावची मी, तिथल्या नळाखाली ओंजळ धरून उभीच राहिले. भाची म्हणाली, “चल नं आता, लोक पाहून राह्यले.”

रेल्वे म्हटली की आमच्या पिढीला आमच्या भागातली शकुंतला ही छोटी गाडी आठवते. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर, पुढे अचलपूर. अडीच फुटांचा रूळ, विदेशी कंपनीने आमचा कापूस न्यायला टाकलेला. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. लहानपणी चालत्या गाडीतून उतरून बोरं वेचायची आणि मागच्या डब्यात चढायचं, हे मी स्वतः केलं आहे. आता तो रूळ झुडपांत गेला. बर्लिनहून प्रागला जाताना गाडी दोनेक तास एल्बे नदीच्या काठाने जाते, एका बाजूला पाणी, दुसरीकडे उभे कडे, जेवणाच्या डब्यात पांढरी चादर अंथरलेली टेबलं. मी खिडकीशी बसून शकुंतलेचाच विचार करत होते. कुणाला खरं वाटणार नाही.

व्हिएन्नाहून व्हेनिसला रात्रीची गाडी घेतली. सहा जणांचा कप्पा, उशी, चादर, पांघरूण दिलेलं. आतून कडी लावायची. आमची गाडी तेव्हा सेमेरिंगच्या घाटाने गेली. १८४८ ते १८५४ मध्ये बांधलेला, डोंगरातला रेल्वेचा पहिला मोठा रस्ता मानतात तो, जागतिक वारशाच्या यादीत आहे. बाहेर अंधार असल्याने त्यातलं मला काहीही दिसलं नाही. सकाळी कॉफी आणि दोन पाव आले. आमची खाट मेस्त्रेला होती, म्हणजे व्हेनिसच्या अलीकडे जमिनीवरच्या गावात, तिथे स्वस्त पडतं. पण मेस्त्रे आलं तरी उतरलो नाही, सॅक घेऊन पुढेच गेलो, कारण तिथून गाडी खाडीवरच्या पुलाने जाते. दोन्ही बाजूंना फक्त पाणी. स्टेशनाच्या पायऱ्या उतरलो तर समोर रस्ता नाही, कालवा. माझ्या सातवीच्या वर्गाला मी हे पंचवीस वर्षं तोंडाने सांगत आले होते.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले, ते ठिकाण यादीत नव्हतंच. आखेनहून निघण्याआधी एक दिवस रिकामा होता. भाची म्हणाली, “मावशी, तुझ्या कामाची जागा दाखवते.” कोलोन, हागेन करत लेने नदीच्या काठाकाठाने आल्टेना नावाच्या लहान गावी गेलो. वर टेकडीवर किल्ला. २०१४ पासून डोंगराच्या पोटातून लिफ्ट आहे, माझ्या गुडघ्यांनी तिला दुवा दिला. त्या किल्ल्यात तीन-तीन मजली काळपट लाकडी खाटांची खोली जपून ठेवली आहे. जगातलं पहिलं कायमचं युवा वसतिगृह म्हणतात ते हे.

ते काढलं रिखार्ड शिरमान नावाच्या प्राथमिक शाळेच्या मास्तरांनी. १९०९ च्या ऑगस्टमध्ये ते आपल्या वर्गातल्या पोरांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत वादळी पाऊस आला. एका गावातल्या शाळेत आसरा मिळाला. सुटी असल्याने वर्ग रिकामे होते, बाक बाजूला सारून पेंढा पसरला आणि पोरं निजली. मास्तर रात्रभर जागे होते आणि विचार करत होते, की सुटीत प्रत्येक गावची शाळा अशी रिकामीच असते. मग त्यांनी आधी स्वतःच्या शाळेचा वर्ग सुटीत उघडला, पेंढा भरलेल्या पोत्यांवर पोरं झोपू लागली. किल्ला नंतर. पुढे ही कल्पना जगभर गेली, नाझींनी मास्तरांना बाजूला सारलं तरी ती थांबली नाही.

पाटी वाचताना सन पाहिलं. शिरमान मास्तरांचा जन्म १८७४ चा. आमच्या गाडगेबाबांचा १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहूला धर्मशाळा उभ्या केल्या. ज्याला कुणी दारात उभं करत नव्हतं त्याच्यासाठी केल्या, आणि स्वतः बाहेर झोपले, असं आमच्याकडे सांगतात. दोघांना एकमेकांचं नावही ठाऊक नसेल.

पुढच्याच आठवड्यात आमची एक जोडगाडी चुकली. देश आणि कंपनी सांगत नाही, पाहुणं जाऊन घरच्यांची उणी काढू नयेत. रात्री बारा चाळीसला एका स्टेशनावर उतरलो. पाऊस, थंडी, ओळखीचं कुणी नाही. भाचीने मोबाइल पाहिला, सहा मिनिटं चाललो, एका दाराची घंटा दाबली. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट पाहिले, पैसे घेतले, दोन चादरी दिल्या. एक वाजता मी कोरड्या खाटेवर होते. आणि झोप येईना. कारण मला माझी एक विद्यार्थिनी आठवत होती.

तिचं नाव लिहीत नाही. आईबाप दोघे मजुरीला जातात. पोट्टी पळण्यात तरबेज. पोलीस भरतीचं मैदान जिल्ह्याच्या ठिकाणी, हजेरी पहाटे पाचला. आमच्याकडून त्या वेळी पोचेल अशी एसटी नाही, म्हणून बापलेक आदल्या संध्याकाळी निघाले आणि नऊला पोचले. लॉजवाल्याने आठशे सांगितले. दोघं स्टँडजवळच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसले. बाप जागा राहिला, ती थैली उशाला घेऊन पडली. मच्छरांची एक अगरबत्ती लावली होती. आजूबाजूला तशीच पन्नासेक पोरं-पोरी. सकाळी ती आठशे मीटर धावली आणि थोडक्यात हुकली. झोप झाली असती तर लागलीच असती, असं मी म्हणणार नाही, मला माहीत नाही. पण तिच्या बापाने मला सांगितलं, “बाई, धावाचं दुःख नाई. रातभर पोरीवर नजर ठेवाव लागली, थे दुःख हाय.”

संपादक महाराज, पाठीवर बोचकं टाकून अनोळखी गावात रात्र काढणं आपल्या लेकीबाळींना नवीन शिकवायची गरजच नाही. त्या ते करतातच. भरतीला, तलाठ्याच्या परीक्षेला, नर्सिंगच्या मुलाखतीला. फक्त त्यांना खाट मिळत नाही. त्या पत्रलेखकांनी एकदा भरतीच्या आदल्या रात्री कुठल्याही जिल्ह्याच्या स्टँडवर चक्कर टाकावी.

माझं मागणं लहान आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी स्टँडपासून चालत जाता येईल अशी जिल्हा परिषदेची किंवा नगर परिषदेची एक शाळा भरतीच्या आणि मोठ्या परीक्षांच्या आदल्या रात्री उघडावी. मुलींसाठी वेगळे वर्ग. नियमात बसत नाही, असं कुणी म्हणेल. मी तेहतीस वर्षांच्या नोकरीत निवडणुकीच्या ड्युटीवर किती वेळा शाळेच्या फरशीवर झोपले, मोजलं नाही. मशीन उशाशी, बाक भिंतीला, कोतवालाने आणून दिलेली सतरंजी. आम्हा कर्मचाऱ्यांसाठी शाळा एका रात्रीत वसतिगृह होते आणि सकाळी सातला पुन्हा मतदान केंद्र होते. मग त्या पोरींसाठी का नाही? विदर्भात तर उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, जूनचा बराचसा महिना वर्ग कुलपातच असतात.

खर्चाचं म्हणाल तर सतरंज्या, दिवे, पाण्याची टाकी, चालू स्थितीतलं संडास आणि रात्री दारावर बसायला दोन बाया. बचत गटाला हे काम द्यावं. प्रत्येकीकडून पन्नास रुपये घ्यावेत. फुकट ठेवू नये, फुकटचं कुणी झाडत नाही. सकाळी निघताना आपली जागा आपण झाडून जायची, असा नियम भिंतीवर लिहावा. त्या हॉस्टेलांतही चादर आपल्या हाताने काढून टोपलीत टाकूनच निघावं लागत होतं, आणि गाडगेबाबांच्या मुलखात झाडू हातात घ्यायला लाज वाटायचं कारण नाही. चोरीमारीची भीती खरी आहे. म्हणून वर्गातल्या भिंतीतल्या कपाटांचे खण मोकळे करून द्यावेत, कुलूप ज्याचं त्याने आणावं.

मी आमच्या पंचायत समितीत अर्ज दिला आहे. साहेब चांगले आहेत, ‘वर पाठवतो’ म्हणाले. वर म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही. आपल्या वाचकांत यवतमाळ, अमरावती, वाशीम, अकोल्याचे शिक्षक असतीलच. स्टँडजवळच्या शाळेतल्या कुणी मुख्याध्यापकांनी होकार दिला तर पहिल्या भरतीला दारावर बसायला मी स्वतः येते, माझ्याबरोबर आमच्या गटाच्या तिघी आहेत. ज्या पोरी कुलूप विसरून येतील त्यांच्यासाठी मी दोन डझन घेऊन ठेवली आहेत. या वेळी बारीक दांडीची.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ